हाफिजाच्या दोन वाक्यांमधली जागा

पुणे, १२ जुलै २००२

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर तू पाचव्या मिनिटाला "बिल वाढतंय, ठेवते" म्हणतेस, आणि ई-मेलमध्ये मराठी अक्षरांचे चौकोन होतात. म्हणून आपला कागदच बरा.

काम आहे. आमच्या विभागाला एकदाची कॉम्प्युटर लॅब मिळाली. बारा मशिनं, बारा हेडफोन. इतकी वर्षं विद्यापीठात इंडोनेशियन शिकवतोय ते स्वतःचा घसा ताणून. दोन वर्षं जावातल्या जोगजाला राहून आलो असलो तरी माझं इंडोनेशियन शेवटी सदाशिव पेठेतलं, हे तिथल्या घरमालकिणीनं मला तोंडावर सांगितलं होतं. आता मुलांनी खऱ्या माणसाचा आवाज ऐकायचा आणि त्याच्या मागोमाग तसंच्या तसं बोलायचं. सूर, चढउतार, कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं. अर्थ मागाहून कळला तरी चालेल. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र, कानात आवाज. माझं नावसुद्धा कुठे नको.

तुमच्या शेजारच्या व्हिलात हाफिजा म्हणून जावाची बाई कामाला आहे ना, शुक्रवारी तुझ्याकडे येऊन बसते ती? तिचा आवाज मिळेल का? कॅसेट नको, मिनिडिस्क म्हणून एक डिजिटल रेकॉर्डर मिळतो, दुबईत स्वस्त असेल. भाऊजींना सांग. पहिला धडा 'कुठे'चा आहे. बाजार कुठे आहे, मशीद कुठे आहे, माझी पिशवी कुठे आहे. वाक्यं सोबत लिहून दिली आहेत. प्रत्येक वाक्यानंतर तिनं थोडं थांबायचं, म्हणजे त्या जागेत मुलांना बोलता येईल.

खोलीत शांतता हवी एवढंच. तुमच्या घरात ती कुठून आणणार हा प्रश्न आहे.

देवदत्त


फुजैरा, २ ऑगस्ट २००२

देवा,

शांतता हवी म्हणे. ऑगस्टात फुजैऱ्यात एसी बंद करून, खिडक्या लावून बसायला लावलंस तू आम्हाला. हाफिजाच्या कपाळावरून धारा, माझ्या पाठीवरून धारा, आणि मध्ये टीपॉयवर तुझं ते काडेपेटीएवढं मशिन. यांनी दुबईच्या देऱ्यातून आणलं. जाऊन-येऊन पाच तास ड्रायव्हिंग, परत दुकानदाराशी "हबीबी, लास्ट प्राइस" करत तासभर. मेव्हण्याच्या कामासाठी माणूस बायकोच्या कामापेक्षा जास्त उत्साही असतो, हे मी पंधरा वर्षं बघतेय.

हाफिजा आधी लाजली. मग म्हणाली, "कुंदा इबू, ही वाक्यं कोण बोलतं? 'माझी पिशवी कुठे आहे' असं कुणी विचारत नाही, पिशवी हातातच असते." मी म्हटलं, माझा भाऊ प्रोफेसर आहे, त्याच्या पिशव्या हरवतात. मग हसली आणि झाली तयार.

आता जे झालं ते ऐक, म्हणजे डिस्क लावल्यावर मला शिव्या देऊ नकोस. तिनं पहिलं वाक्य म्हटलं, बाजाराचं, "दी माना पासार?" आणि थांबली. तेवढ्यात आतून हे: "कुंदा, चष्मा कुठाय माझा?" मी हातानं खुणा करतेय, पण हे आतल्या खोलीत, खुणा दिसणार कुणाला? हाफिजानं दुसरं वाक्य म्हटलं, मशिदीचं, आणि थांबली. आतून: "अगं कुंदा, ऐकतेस का? चष्मा!" तिसरं वाक्य. मग आतून: "राहू दे, मिळाला. फ्रीजवर होता. यल्ला, चहा टाक." हाफिजा हसू दाबत होती ते तुला चौथ्या वाक्यात ऐकू येईल. अस्मी कपाळावर हात मारून, "बाबा, यू रुइन्ड इट!" तर हे म्हणतात, "मीपण 'कुठे'च विचारत होतो, धड्यातलंच होतं."

परत करणार होतो, पण हाफिजाच्या मॅडमनं हाक मारली. खलास. जे आहे ते पाठवतेय, खोर फक्कानच्या विद्युल्लताबाई पुण्याला येताहेत त्यांच्याबरोबर. चिवडाही आहे, तो तुझ्यासाठी नाही, मुलांसाठी आहे.

तुझी ताई


पुणे, १८ नोव्हेंबर २००२

ताई,

दिवाळीच्या सुट्टीत लॅबमध्ये एकटाच बसून धडा दुरुस्त केला, त्याची हकिकत सांगतो.

पहिल्या सत्रात मुलांना डिस्क आहे तशीच ऐकवली होती. दुसरं करणार काय? हाफिजाचा आवाज इतका सुरेख आहे की माझ्या सगळ्या वर्गाची 'र' आणि 'ङ' महिन्याभरात सुधारली. पण भाऊजी! मुलांना मी बजावलं होतं, ऐकाल तसंच्या तसं म्हणा. तर अजीज म्हणून एकजण आहे, चाळिशीचा, बंदरावरच्या एजन्सीच्या इथल्या ऑफिसात नोकरी करतो आणि संध्याकाळी शिकायला येतो. तोंडी परीक्षेत त्यानं धडा म्हणायला घेतला. "दी माना पासार?" आणि लगेच खालच्या आवाजात, "कुंदा, चष्मा कुठाय माझा?" सगळं. 'चहा टाक'पर्यंत. मूळचा दापोलीकडचा, त्यामुळे भाऊजींचा गुहागरचा हेल त्याला आयताच सापडला. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडे बघत बसले. मी त्याचा एक मार्क कापला.

आता माझ्याकडे एक सॉफ्टवेअर आलं आहे. त्यात आवाज पडद्यावर रेघांच्या रूपात दिसतो, डोंगरदऱ्यांसारखा. हाफिजाचे डोंगर ठेवले, मधले भाऊजींचे डोंगर निवडले आणि सपाट केले. आता हाफिजाच्या दोन वाक्यांमधली जागा अगदी कोरी आहे, तिथे विद्यार्थ्यानं बोलायचं. बारा मशिनांवर नवा धडा चढवला, जुना काढला. हार्ड डिस्क लहान आहे, दोन्ही मावत नाहीत. सीडीही लिहिली, एक तुझ्यासाठी पाठवतोय. मिनिडिस्कही परत पाठवतो, पुसून. त्यावर पुढचा धडा करता येईल. नवी कशाला घ्यायची?

भाऊजींना सांग, पुढच्या धड्याला चष्मा गळ्यात अडकवून बसा.

देवदत्त


फुजैरा, २१ फेब्रुवारी २००३

देवा,

तू रोज फोन करतोस आणि मी रोज ठीक आहे म्हणते. पत्रात तरी नीट लिहावं म्हणून बसले, पण इथेही ठीक आहे एवढंच येतंय.

तुला व्हिसा मिळाला नाही त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू आला असतास तरी फार काही बघायला नव्हतं. डिसेंबरात त्या दिवशी हे ड्यूटीवर गेले, जेवणाच्या सुमाराला बंदरातल्या टर्मिनलवरून यांच्या हाताखालच्या महादूचा फोन आला. वहिनी, साहेब खुर्चीत बसल्या बसल्या गेले. तो "गेले" म्हणाला तर मी विचारलं, कुठे? मग दुबईला नेलं, स्मशान तिथेच आहे. डोंगरातल्या रस्त्यानं, ज्या रस्त्यानं हे ते मशिन आणायला गेले होते. कंपनीनं बस दिली होती. बसमध्ये कुणीतरी मला पाण्याची बाटली दिली, ती मी दुबईपर्यंत हातात धरून बसले. उतरल्यावर कळलं की उघडलीच नव्हती.

मला रडू येत नाही. विद्युल्लताबाई दोनदा येऊन गेल्या, म्हणाल्या, "रडून घ्या हो, बरं वाटेल." मी प्रयत्न केला. त्या बसल्या होत्या म्हणून करावासा वाटला. आलं नाही. मग त्यांनाच आलं आणि मी त्यांना चहा करून दिला. बायका बाहेर बोलताना ऐकलं, फार घट्ट बाई आहे. मी घट्ट नाही रे. दाढेचं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तसं सगळं झालंय. चावलं तरी कळत नाही.

अस्मीची परीक्षा मार्चमध्ये. कंपनीनं जूनपर्यंत फ्लॅट वापरू दिलाय. त्यानंतर व्हिसाही नाही. पुण्याला येऊ असं तू म्हणतोस. येऊ.

आता कामाचं. परवा अस्मी रात्रीचं जेवताना म्हणाली, "आय कान्ट हिअर हिम एनीमोअर." मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणते, तिला बाबा काय बोलायचे ते आठवतं, पण कसे बोलायचे ते आठवत नाही. आवाज येत नाही डोक्यात. तेरा वर्षांची पोर, हातातला घास तसाच. मी माझ्या डोक्यात बघितलं. मलाही येईना.

घरात त्यांचा आवाज कुठेच नाही. फोटो आहेत. कॅमकॉर्डर घेऊ घेऊ म्हणत राहिले. लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढली, तर तीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सनई भरलेली. हे हसताहेत, बोलताहेत, नाव घेताहेत, आणि वर सनई.

तुझी सीडी आम्ही लावली. तू म्हणालास तसं कोरं आहे. हाफिजा विचारते बाजार कुठे आहे, आणि मग काहीच नाही. पण किती वेळ काहीच नाही ते मला ऐकू येतं. तेवढ्या वेळात मी ओठ हलवून बघितले, बरोबर मावतं.

पण सफाई करण्याआधीचं कॉम्प्युटरमध्ये असेलच ना? अस्मी म्हणते कॉम्प्युटरमधून काही कायमचं जात नाही. ते शोधून पाठव. दुसरं काही मला नको.

सोबत एक डिस्क पाठवतेय, महादूच्या भावाबरोबर. ती पुसू नकोस.

ताई


पुणे, ८ मार्च २००३

ताई,

पत्र मिळालं. काय लिहावं सुचत नाही, म्हणून व्यवहाराचंच लिहितो. कोथरूडला शाळेत बोलून ठेवलं आहे, अस्मीला नववीत प्रवेश मिळेल. मराठी विषय तिला जड जाईल, तो मी बघीन. तुमच्यासाठी मागची खोली रंगवून घेतोय. सामान जहाजानं पाठवायचं की विकायचं ते ठरव.

त्या जुन्या रेकॉर्डिंगचं बघतो. फायली बऱ्याच आहेत, लॅबमध्ये मशिनं हलवली आहेत, थोडा वेळ लागेल.

तू पाठवलेली डिस्क मिळाली, पण ती कोरी निघाली. बहुतेक लाल बटण नीट दाबलं गेलं नसावं. होतं असं. हाफिजाला तू आत्ता या दिवसांत कशाला बसवलंस? धडे कुठे पळून चाललेत? तू विश्रांती घे.

देवदत्त


फुजैरा, २८ मार्च २००३

देवा,

डिस्क कोरी नाही. बटण नीट दाबलं होतं.

यांचे दिवस झाल्यावरच्या शुक्रवारी हाफिजा आली. मला वाटलं भेटायला आली. ती टीपॉयपाशी बसली, तू पाठवलेला कागद पिशवीतून काढला आणि म्हणाली, "इबू, चालू करा." मी चालू केलं. ती बोलली नाही. मीही नाही. डिस्क संपेपर्यंत बसलो. मध्ये एकदा तिनं माझा हात धरला, त्याचा आवाज येत नाही. बाकी आहे ते फ्रीजचं आहे. तुमच्याकडच्या मशिनवर आवाज मोठा करून ऐक, फ्रीज चालू होतो आणि बंद होतो. तेवढाच एक तास मला या तीन महिन्यांत बरा गेला, म्हणून पाठवला. तू म्हणतोस कोरी.

असू दे. तुला सवय आहे, तुझ्या धड्याशिवाय जे असेल ते काढून टाकायची.

शोधलंस का? 'बघतो' हा शब्द तू लहानपणी आईला म्हणायचास, दूध आणलंस का विचारलं की. बघतो म्हणजे आणलेलं नसायचं.

अस्मीची परीक्षा झाली. पेपर कसे गेले विचारलं की "फाइन" म्हणते. मी ठीक म्हणते, ती फाइन म्हणते, असं चाललंय आमचं.

ताई


पुणे, ९ एप्रिल २००३

ताई,

नाही.

सगळीकडे पाहिलं. मशिनांवर जुन्यावर नवं चढवलं, त्या वेळीच गेलं. संगणक विभागातल्या एका मुलाला दोन दिवस बसवलं. तो म्हणाला, सर, या जागेवर नंतर इतक्या वेळा लिहिलंय की खाली काही उरलेलं नाही. मिनिडिस्क मी माझ्या हातानं पुसली होती, हे तुला मी आनंदानं कळवलंही होतं. तुझं फेब्रुवारीचं पत्र वाचलं त्याच दिवशी मला माहीत होतं. तरी महिनाभर शोधतोय म्हणालो, कारण शोधतोय तोवर नाही म्हणावं लागत नव्हतं.

तुझी ती डिस्क आवाज मोठा करून ऐकली. फ्रीज ऐकू येतो.

मला तुझ्यासमोर यायची लाज वाटते.

देवदत्त


फुजैरा, २५ एप्रिल २००३

देवा,

ठीक आहे.

अस्मीला सांगितलं. ती "ओके" म्हणाली आणि खोलीत गेली. तुझ्याशी फोनवर बोलायचं नाही म्हणते, जबरदस्ती करू नकोस. मला राग आला आहे. तुला वाटेल ताईला समजून घेता येतं, तर नाही येत. गेले चार महिने काहीच वाटत नव्हतं, तर पहिलं जे वाटलं ते हे, तुझा राग. आणि तू पुसलंस ते कशासाठी, तर धडा स्वच्छ दिसावा म्हणून. त्यांच्या बोलण्याला तू कचरा समजलास. मीही त्या दिवशी हातानं गप्प राहा म्हणून खुणा करत होते, हेही आहेच. त्यांनी दोनदा विचारलं, आणि मी एकदाही उत्तर दिलं नाही, तुझ्या रेकॉर्डिंगसाठी.

सामान विकायला काढलंय. हाफिजाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ती पुढच्या आठवड्यात तिच्या गावी जाते आहे. खोलीची चिंता करू नकोस, रंग कुठलाही चालेल.

कुंदा


पुणे, १० मे २००३

ताई,

तू खाली नाव लिहिलंस, ताई नाही. लक्षात आलं.

एक सुचलं आहे. विचारायला भीती वाटते, तू हसशील किंवा चिडशील. पण विचारतो.

अजीज आठवतो? ज्याचा मी मार्क कापला. परवा निकालपत्र न्यायला आला. मी त्याला बसवलं आणि विचारलं, तुम्हाला तो पहिला धडा अजून येतो का? तो म्हणाला, सर, तुम्हीच सांगितलं होतं ना तसंच्या तसं करा, रोज स्कूटरवर म्हणत जायचो. येतो की. मी म्हटलं, कुठला, आधीचा की नंतरचा? तो म्हणाला, आम्हाला नंतरचा माहीतच नाही.

मग त्यानं म्हणून दाखवला. माझ्या केबिनमध्ये, दार लावून. ताई, तो भाऊजींचा आवाज नाही. अजीजचा आवाज जरा पातळ आहे. पण बाकी सगळं तिथे आहे. 'चष्मा' म्हणताना वर जाणं, 'माझा'वर खाली येऊन रेंगाळणं, 'राहू दे'च्या आधीचा तो श्वास. मी शिकवलेलं एवढं नीट कुणी शिकलेलं मी पाहिलं नाही.

आणि भाऊजी गेल्याचं सांगितलं तर तो घाबरला. म्हणाला, सर, मी चेष्टा केली होती हो त्यांची. घरात कुणाला वाईट वाटेल.

रेकॉर्ड करून पाठवणार नाही. ते मी आता करणार नाही. तू हो म्हणालीस तर शुक्रवारी सकाळी तो माझ्याकडे येईल आणि तुम्हाला फोन लावू. नको असेल तर नको म्हण, परत विषय काढणार नाही.

देवदत्त


फुजैरा, ६ जून २००३

देवा,

तुला फोनवर जे ऐकू आलं ते एवढंच की मी एकदा बोलले आणि मग फोन ठेवला. इकडे काय झालं ते लिहिते, कारण सांगायला जमणार नाही. दहा दिवसांत भेटणारच आहोत, तरी लिहिते.

मी नको म्हणणार होते. परक्या माणसानं माझ्या नवऱ्याची नक्कल करायची आणि मी ऐकायची, हे काय? पत्र टेबलावर पडलं होतं. अस्मीला हातानं लिहिलेलं मराठी वाचायला वेळ लागतो, पण तिनं वाचलं. दोन दिवसांनी म्हणाली, "आय वॉन्ट टु हिअर इट. यू डोन्ट हॅव टु." म्हणून हो कळवलं. मी स्वयंपाकघरात थांबायचं ठरवलं होतं.

घरात आता फारसं काही उरलेलं नाही. सोफा गेला, टीव्ही गेला. फ्रीज महादू घेणार आहे, तो आम्ही निघालो की नेईल. फोन फरशीवर होता, अस्मी त्याच्यापाशी मांडी घालून बसलेली, स्पीकर चालू करून. तुझा आवाज आला, "अजीज आलेत." मग त्यांचा, "सलाम, भाभी." इतका हळू, की माणूस चांगला आहे हे कळलं. मी आतच होते, ओट्याशी.

मग त्यांनी हाफिजाचं वाक्य म्हटलं. ते वाक्य ते म्हणतील याची मला कल्पना नव्हती. मला वाटलं फक्त यांचं म्हणतील. दी माना पासार. आणि मग, कुंदा, चष्मा कुठाय माझा?

आवाज त्यांचा नव्हता, तू म्हणालास तसं. मी तेच स्वतःला सांगत होते, की नाही, हा नाही. पण रिकाम्या घरात बाहेरून हाक आली, आणि मी ओट्याशी होते, आणि माझ्या नावावर असा जोर दुसरं कुणी देत नाही. दुसरं वाक्य झालं, मशिदीचं. अगं कुंदा, ऐकतेस का? चष्मा!

माझ्या तोंडातून गेलं, "फ्रीजवर आहे हो."

मोठ्यानं गेलं. रोजच्या आवाजात, जरा वैतागून. तू ऐकलंस ते तेच. चष्मा खरोखरच फ्रीजवर आहे देवा. वाचायचा. डिसेंबरपासून तिथेच आहे, ड्यूटीला जाताना दुसरा लावून गेले होते. मी फ्रीज पुसते, तो उचलते, पुसून झालं की परत तिथेच ठेवते.

तिकडे अजीज थांबले. मला वाटलं आता गडबडले, फोन ठेवतील. पण त्यांनी तिसरं वाक्य घेतलं, पिशवीचं, आणि तो श्वास घेतला आणि म्हणाले, राहू दे, मिळाला. फ्रीजवर होता. यल्ला, चहा टाक.

मी गॅस लावला. खरंच. पातेल्यात दोन कप पाणी घातलं. अस्मी चहा पीत नाही, आणि मी कितीतरी दिवसांत दोन कप ठेवला नव्हता. साखर घातली तेव्हा ती दारात आली होती. ती रडत होती, चांगली हुंदके देऊन. फोन तसाच चालू होता. मला म्हणाली, "आई, त्यांना सांग ना परत म्हणायला." मराठीत म्हणाली. मी फोनपाशी गेले पण मला बोलता येईना, म्हणून ठेवून दिला. उद्धट वाटलं असेल, अजीजना सांग तसं नव्हतं.

चहा उतू गेला. शेगडी परवाच घासली होती, विकायची म्हणून. मी फडकं घेतलं आणि पुसता पुसता मला रडू आलं. विद्युल्लताबाई म्हणाल्या होत्या बरं वाटेल, तसं काही वाटलं नाही. फार दुखलं. सबंध सकाळ गेली.

तुझ्यावरचा राग आहे. पुण्याला आल्यावरही काही दिवस राहील, त्याची तयारी ठेव. पण अजीजना त्यांचा एक मार्क परत दे. आणि जमलं तर आम्ही आल्यावर त्यांना एकदा घरी बोलव. त्या दिवशी चहा मी करीन.

चष्मा पर्समध्ये घेतलाय.

ताई